सहा विसा आणि एक

“…पण गडी गेला, तर गेला कुठं? जमिनीनं गिळला व्हय?”

केरू मठाच्या ओट्यासमोर उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता.

सोमगीर बाबा मांडीवर सुतळी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मुळा नदीच्या काठावर गोसाव्यांचा एक लहानसा मठ होता, त्या मठाचे हे बाबा. मठामागं दीड बिघा रान आणि रानात गांजा. दिवस परवान्याचे होते. सरकारी शिक्क्याचा कागद महादेवाच्या कोनाड्याशेजारी टांगलेला असे. आज कुणी असं रान केलं तर रानही जाईल आणि राखणाराही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

केरू दोन कोसांवरच्या वाडीचा. त्याचा थोरला भाऊ भिवसेन तीन वर्षांपूर्वी याच रानात कामाला होता. एका भर दुपारी तो झाडांच्या ओळीत शिरला आणि दुसऱ्या टोकानं बाहेर आला नाही. बांधावर त्याच्या वहाणा सापडल्या, आणि नीट घडी घातलेला तांबडा पटका. वाडीनं विहीर उपसली, डोंगर पालथा घातला. पुढं काही नाही.

तो पटका आज केरूच्या डोक्याला होता.

“मला काय बी नको,” केरू म्हणाला. “वहिनीनं येवढंच इचारायला धाडलंय. हाय का न्हाई? तीन वरसं झाली, ती रोज सकाळी आरशापुढं बसती. कुंकू लावावं का पुसावं, तिला उमगंना. तुमी येक शबुद सांगा. म्या चाललो.”

बाबांच्या हातातली सुतळी थांबली.

“सांगीन.”

“सांगा मंग.”

“रानात झाडं किती, ते मोजून सांग. गणती जुळली, की सांगीन.”

“येवढंच?” केरू वळलासुद्धा.

“आत्ता मोजून उपेग न्हाई. नर-मादी येका जागी हायेत. दसऱ्याला नर वळखू येतील, ते उपटायचे. उरतील ती मोजायची.”

“दसरा? आज तर पोळा हाय, बाबा. तवर काय करू?”

“तवर वाकवायचं.”

केरूला कळलं नाही.

“न्हाई तर असाच माघारी जा,” बाबा हळू म्हणाले. “इचारलंस… उत्तर न्हाई गावलं. असं बी घरी जाता येतं, केरू.”

केरू हसला. पंचविशीचा गडी, अंगात रग. अशा माणसाला जा म्हटलं की तो हमखास राहतो. पोळ्याच्या बैलाचंही तेच असतं.

“भिवसेन भोळा होता, बाबा. कुणी बी वाकवावा तसा वाकायचा. म्या तसला न्हाई. सुंभ जळंल, पण पीळ जायाचा न्हाई.”

भिवसेन भोळा होता असं वाडीत दुसऱ्या कुणी म्हटलं नसतं. गाडीचं जू उपसून चार जणांपुढं उभा राहणारा तो माणूस. पण धाकट्या भावाला थोरला नेहमी भोळाच वाटतो.

बाबांनी सुतळी पुन्हा मांडीवर घेतली.

“पीळ सुंभात उगवत न्हाई,” ते म्हणाले. “कुणीतरी घालतं.”

*

दुसऱ्या दिवशी केरू सकाळीच रानात शिरला. काम लवकर उरकावं, असा सरळ हिशेब.

झाडं छातीइतकी झाली होती. पानं सात बोटांची. ओळीतून जाताना ती अंगाला लागत. एखादं लहान मूल झोपेत चाचपतं, तशी लागत.

त्यानं एका झाडाची फांदी धरली आणि खाली ओढली.

कडकन मोडली.

दुसरी धरली. तीही मोडली.

बाबा बांधावर येऊन उभे राहिले होते. कधी आले, त्याला कळलं नव्हतं. त्यांनी ओली माती आणली, मोडल्या जागी थापली, वर चिंधी गुंडाळली. आजारी माणसाला बांधावी तशी अलगद.

“सकाळी झाड पाण्यानं भरल्यालं असतं,” ते म्हणाले. “ताठ असतं. तवा वाकवलं, की मोडतं.”

“मंग?”

“ऊन चढू दे. दुपारी ते दमतं… दमलं, की हात लावायचा.”

केरूला गंमत वाटली.

“आन माणूस, बाबा?”

बाबा त्याच्याकडं बघत राहिले.

“जेवलास का तू?” त्यांनी विचारलं.

मग दुपारचं काम सुरू झालं. आधी शेंडा खुडायचा. मग बगलेच्या फांद्या सुटायच्या. फांदीच्या मानेला सुतळी घालायची, जमिनीत खुंटी ठोकायची आणि रोज बोटभर ओढायची. बोटभरच. उन्हाला सगळी फांदी दिसली पाहिजे, फांदीला मात्र कुणी ओढतंय हे कळता कामा नये.

“शेंडा कशापायी खुडायचा?” केरूनं विचारलं.

“शेंडा असला की झाडाला वाटतं, आपुन कुणीतरी हाय.”

गाठही बाबांनीच शिकवली. उलटी गाठ. एक पेड आतून, एक बाहेरून, आणि दोन्ही टोकं एकदम ओढायची. एका हातानं ती बसत नाही. केरूनं हट्टानं बघितलं. दातांनी बघितलं, गुडघ्याखाली दाबून बघितलं. नाहीच बसली.

“दोन हात लागत्यात,” बाबा म्हणाले. “लागूच देत.”

*

भर दुपारी त्या रानात वारा नसे. मी त्या बांधावर उभा राहून आलो आहे. आता तिथं ऊस आहे, तरी बाराच्या सुमाराला तिथला वारा पडतो. उसाचं पान हलत नाही. मी फार वेळ थांबलो नाही.

तेव्हा तर वास असे. जड आणि गोडसर, कपड्यांना चिकटणारा. पाखरू बसत नसे. ऐकू येई ते फक्त फांदीचं कुरकुरणं, आणि सुतळी ताणल्याचा बारीक आवाज.

केरू हाताचा चांगला निघाला. पंधरा दिवसांत त्याची एकही फांदी मोडेना. मोडलेल्या दोन फांद्याही जगल्या. चिंधी सोडली तेव्हा मोडल्या जागी अंगठ्याएवढी गाठ आली होती, फांदीपेक्षा जाड.

“वहिनीचा निरोप आलाय,” एक दिवस बाबा म्हणाले. “कळलं का, म्हणून इचारती.”

“सांगा, दसऱ्यानंतर.”

तो बोलताना वर बघत नव्हता. दिवसभर ओळीत वाकून काम. माणसाची मान भरून येते, त्यात नवल नाही.

एका दुपारी बाबांनी त्याला चौथ्या ओळीत बोलावलं. एका फांदीची सुतळी त्यांनी सोडली. खुंटी उपटून बाजूला ठेवली.

“बघ.”

त्यांनी फांदीखाली एक बोट घातलं आणि फांदी वर उचलली. ती हलकी वर आली. बाबांनी बोट काढून घेतलं.

फांदी सावकाश खाली गेली. सुतळी असताना होती, तिथंच जाऊन थांबली.

केरूनं स्वतः ती एकदा उचलून सोडली. तो उगीच हसला.

“सोडली, तरी?”

“आठ दिवस सुतळी वढती,” बाबा म्हणाले. “मंग फांदीच सुतळीकडं जाती. त्याच्या म्होरं सुतळी नुसती असती.”

*

दसऱ्याला नर निघाले. पेरापाशी मण्यांसारखे बारीक घोस धरतात, ते नर. एक जरी राहिला तरी सगळं रान बियांवर जातं आणि वर्ष मातीत जातं. केरूनं एका दुपारीत सगळे वेचले. बाबांनी मागून फिरून पाहिलं. एकही सुटला नव्हता.

“बघा,” केरू म्हणाला. कपाळाचा घाम त्यानं पटक्याच्या शेवानं पुसला. “भिवसेनाला जमलं असतं का?”

“त्याला बी जमलं होतं.”

केरूला ते आवडलं नाही.

“आता मोजू?”

“मोज.”

बाबांची गणती जुनी, विसांची. सहा विसा म्हणजे एकशे वीस. केरूही तशीच करी. बारा ओळी होत्या. तो पहिल्या ओळीत शिरला आणि एकेका झाडावर बोट ठेवत शेवटच्या ओळीतून बाहेर आला.

“सहा विसा आन येक.”

“खुंट्या मोज,” बाबा म्हणाले.

उरलेल्या प्रत्येक झाडाला एक मोठी खुंटी होती, बुंध्याजवळ. केरूनं खुंट्या मोजल्या.

“सहा विसा.”

“मंग?”

“मंग येका झाडाला खुंटी न्हाई.”

“हुडक.”

त्यानं हुडकलं. ओळीन् ओळ, झाडन् झाड. प्रत्येकाला खुंटी होती.

पुन्हा झाडं मोजली. सहा विसा आणि एक.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारी तेच. खुंट्या सहा विसा, झाडं सहा विसा आणि एक. बिनखुंटीचं झाड मात्र कुठं दिसत नव्हतं.

चौथ्या दुपारी त्याला मोजताना मागून आवाज आला. कुणीतरी त्याच्याबरोबर मोजत होतं. त्याच्याच वेगानं, दबक्या आवाजात. केरू थांबला, की तो आवाजही थांबे. फक्त एक आकडा पुढं जाऊन थांबे.

केरूनं वळून बघितलं. ओळ होती. झाडं होती. वारा नव्हता.

मला विचाराल तर त्यानं तिथूनच पळायला हवं होतं. वहाणा बांधावर राहिल्या असत्या तरी चाललं असतं. पण तो मागं वळला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

संध्याकाळी बाबा स्वतः त्याच्यापाशी आले.

“घरी जा, केरू.”

“गणती जुळली न्हाई.”

“न जुळू दे. वहिनीला सांग, बाबानं सांगितलं न्हाई. मला शिव्या दे. वाडीभर दे… पन जा.”

केरू चिडला.

“हरून जाऊ?”

“व्हय.”

“म्या न्हाई.”

बाबा मठात गेले. त्या दिवशी त्यांनी सुतळी वळली नाही, असं म्हणतात.

*

दिवाळीला केरू घरी गेला नाही.

पाडव्याच्या दुपारी भागावहिनी स्वतःच आली. दोन कोस चालत. डोक्यावरून पदर, हातात झाकलेलं ताट. ताटात निरांजन होतं, वात होती, तेल होतं. लावलेलं नव्हतं. पाडव्याला बाई नवऱ्याला ओवाळते. तिनं कुणाला ओवाळायचं, हे तिला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ते ताट ती तसंच उचलून घेऊन आली होती. त्या बाईचं मला फार वाईट वाटतं.

बाबा तिला बांधापर्यंत घेऊन आले.

“भावजी!” तिनं हाक मारली.

केरू चौथ्या ओळीत होता. बांधापासून दहा पावलं. त्याचं बोट एका झाडावर होतं आणि ओठांत एक विसा आणि चौदा.

त्यानं हाक ऐकली. आवाज ओळखला. ओ दिली असती तर गणती मोडली असती. एवढी संपली की देऊ, असं त्यानं ठरवलं आणि बोट पुढच्या झाडावर नेलं.

वहिनीनं कपाळाशी हात धरून रान न्याहाळलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिची नजर चौथ्या ओळीवरून गेली. केरूवरून गेली. पुढं गेली.

“रानात तर कुनी बी दिसंना, बाबा.”

बाबा चौथ्या ओळीकडं बघत होते.

“वाडीला गेलं आसतील. चुकामूक झाली,” ती म्हणाली. “घरी येतीलच.”

तिनं ताट पुन्हा झाकलं आणि ती निघाली. केरूची गणती संपली तेव्हा तिची पाठसुद्धा दिसत नव्हती.

सहा विसा आणि एक.

ओ द्यायची होती हे त्याला आठवलं. कुणाला, ते आठवायला थोडा वेळ लागला.

*

भाऊबीजेच्या दिवशी केरूला युक्ती सुचली.

त्यानं डोक्याचा पटका काढला. भावाचा तेवढाच मागं राहिलेला. मांडीवर पसरला आणि टरटरा फाडला. बोटभर रुंदीच्या चिंध्या. मोजून एकशे एकवीस. पटका लांबलचक होता, पुरला.

प्रत्येक झाडाला एक चिंधी बांधायची. एकशे एकवीस झाडं असतील तर सगळ्या संपतील. एकशे वीस असतील तर एक उरेल. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो शिरला. धरायचं, गुंडाळायचं, एक पेड आतून, एक बाहेरून, दोन्ही टोकं ओढायची. पुढचं. धरायचं, गुंडाळायचं, ओढायची. पुढचं.

हात आपोआप चालत होते. त्याला काही वाटत नव्हतं. ऊन बरं वाटत होतं.

शेवटच्या ओळीतून तो बाहेर आला तेव्हा हात रिकामे होते. कंबरेला बघितलं. खाली मातीत बघितलं. एक चिंधी उरली नव्हती, एक पडली नव्हती.

तो मठाकडं निघाला. धावावंसं वाटत होतं, पण पाय मातीतून सावकाश निघत होते.

“बाबा! येकशे येकवीस चिंध्या, सगळ्या लागल्या. येक उरली न्हाई. सहा विसा आन येक. म्या चुकलो न्हाई. तुमी चुकला.”

सोमगीर बाबा ओट्यावरून उठले. त्यांनी काठी घेतली.

“चल. दोघं मोजू.”

बाबा पुढं, केरू मागं. बाबा प्रत्येक झाडापाशी थांबत, तांबड्या चिंधीवर बोट टेकवत आणि आकडा उच्चारत. घाई नाही. वारा नाही. त्यांच्या आवाजामागं आज दुसरा आवाज नव्हता.

विसा. दोन विसा. चौथी ओळ, सहावी ओळ, चार विसा… पाच विसा. कुठलंच झाड बिनचिंधीचं नव्हतं. कुठल्याच झाडाला दोन नव्हत्या.

शेवटची ओळ. शेवटचं झाड. पुढं बांध.

“सहा विसा,” बाबा म्हणाले.

“आन येक,” केरू म्हणाला. “येक ऱ्हायली.”

“व्हय. ऱ्हायली.”

बाबा वळले. झाडांवर ठेवत आलेलं तेच बोट त्यांनी पुढं केलं आणि केरूच्या डाव्या मनगटावर टेकवलं.

मनगटाला तांबडी चिंधी होती.

केरू तिच्याकडं बघत राहिला. उलटी गाठ होती. एक पेड आतून, एक बाहेरून, दोन्ही टोकं ओढलेली. दोन हातांची गाठ.

“म्या न्हाई बांधली,” तो म्हणाला.

त्यानं उजव्या हातानं गाठ चाचपली.

“येका हातानं ती बसतच न्हाई, बाबा.”

“न्हाई बसत.”

“मंग कुणी…”

वाक्य तिथंच राहिलं. रानात काही हललं नाही. फक्त उन्हाकडं वळलेले सगळे शेंडे त्या घटकेला उन्हाकडं नव्हते. ते त्या दोघांकडं होते. बाबांना ते दिसलं. केरूला दिसलं का, सांगता येत नाही.

“गणती जुळली,” बाबा म्हणाले. “शबुद दिला होता, म्या पाळतो. इचार, केरू. काय इचारायला आला होतास?”

केरूनं तोंड उघडलं.

…

ओठ हलले. शब्द आला नाही. त्यानं मनगटावरच्या तांबड्या रंगाकडं बघितलं. तांबडं काहीतरी होतं. कुणाच्या तरी कपाळाशी त्याचा संबंध होता. आरसा होता कुठंतरी. लावायचं का पुसायचं…

“इचार,” बाबा म्हणाले. विनवणी केल्यासारखं म्हणाले. “आत्ता इचार, लेकरा. म्या सांगतो. ती वाट बघती.”

…

ऊन उतरायला लागलं होतं. केरूनं सावकाश रानावरून नजर फिरवली. मग त्याला आठवलं. त्याचा चेहरा उजळला, बरं वाटल्यासारखा.

“बाबा,” त्यानं विचारलं, “उद्या कुठली ओळ वाकवायची?”

बाबांनी डोळे मिटले. मग उघडले.

त्यांनी केरूच्या हनुवटीखाली एक बोट घातलं आणि मान वर उचलली. ती हलकी वर आली. डोळे उघडे होते, शांत होते.

बाबांनी बोट काढून घेतलं.

मान सावकाश खाली गेली. होती तिथंच जाऊन थांबली.

म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळलं. कंबरेला खोचलेली सुतळीची लड त्यांनी काढली, हातात धरून क्षणभर बघितली आणि परत खोचली.

“भिवसेनाला,” ते म्हणाले, “निदान सुतळी तरी लागली होती.”